व्हॉल्व्ह रेडिओतील जुनी धारित्रे : एक टिपण

दीर्घकाळ बंद असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ कौतुकाने सुरू करून पाहण्याचा मोह प्रथम आवरावा. त्यातील मेणकागदी धारित्रे, म्हणजे व्यवहारातील कंडेन्सर, आर्द्रता शोषून गळके झालेले असतात. अंत्य व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेले धारित्र सर्वांत घातक होय. ईएल ८४ या व्हॉल्व्हचा ग्रिड कॅथोडच्या तुलनेत सुमारे उणे ७ व्होल्टवर असावा लागतो. मागील व्हॉल्व्हच्या ॲनोडवरील धन विद्युतदाब तेथे झिरपला, की प्रवाह बेसुमार वाढून व्हॉल्व्हसह ध्वनिवर्धकाचे रोहित्रही जळू शकते. धारित्र अल्प किमतीत मिळते, तसे रोहित्र मिळणे दुर्घट. म्हणून तेवढ्याच धारकतेचे, ६३० व्होल्ट क्षमतेचे पॉलिएस्टर धारित्र आधी बसवावे. तत्पूर्वी विद्युतपुरवठ्यातील धारित्रांत साठलेला प्रभार रोधकातून उतरवावा. जुन्या कवचात नवे धारित्र दडविण्याची संग्राहकांची हौस नंतरही भागविता येते.