पाय रेटत शिकलेला तोल

बॅटरीवरच्या मोटारीत मूल नुसतं बसून राहतं. त्यापेक्षा पेडल नसलेली छोटी सायकल मला कितीतरी मोलाची वाटते. पाय जमिनीला रेटत मूल पुढे सरकतं, गाडी कलते. कानाच्या आतल्या भागातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याची हालचाल टिपतात, लहान मेंदू स्नायूंचा मेळ घालतो आणि तोल हळूहळू अंगवळणी पडतो. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी बनवलेली दुचाकीही अशीच बिनपेडलची होती! आपला लाकडी पांगुळगाडाही उत्तम, कारण मूल तो स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. आत बसवायचा चाकांचा वॉकर मात्र नकोच. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदी घातली. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.