पिनकोडाचे अवयव

सांगलीकराला पिनकोड पाठ करावा लागत नाही. चारशे सोळा, पुन्हा चारशे सोळा. संपलं. ४१६४१६.

पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. आखणी श्रीराम भिकाजी वेलणकरांची. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिले तीन अंक टपालाच्या वाटणीचा विभाग सांगतात, उरलेले तीन कार्यालय. कोल्हापूर, सांगली ४१६ मध्ये. सातारा ४१५ मध्ये. (विटा, इस्लामपूर सांगली जिल्ह्यात असूनही ४१५ मध्येच. टपालाची हद्द तलाठ्याला विचारून आखलेली नाही.) यात कुणी गणित पाहिलं असेल असं मला वाटत नाही. तरी ते आत आहे.

तीन अंकी संख्या दोनदा लिहिली की ती १००१ची पट होते. हा आहेराच्या पाकिटातला आकडा, आणि त्याचे अवयव ७ × ११ × १३. म्हणून ४१६४१६ला ७ने भागा, ५९४८८. त्याला ११ने, ५४०८. त्याला १३ने, पुन्हा ४१६! हा ४१६ही सहज फुटतो: पाच वेळा २ आणि एकदा १३. सगळे धरून सांगलीच्या पिनकोडाला ७२ विभाजक.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ६१७४मुळे जगाला ठाऊक झाले. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटलं. सांगलीच्या अंकांची बेरीज २२. भाग जातो, १८९२८ वेळा. सांगली हर्षद.

आता सातारा, ४१५००१. बेरीज ११, भागल्यावर ४ उरतात; हर्षद नाही. मग अवयव पाडायला बसलो. २, ३, ५, ७, ११... पाठकोऱ्या कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. १११ मूळ संख्यांनी दाद दिली नाही. ११२वी ६१३, तिने भाग गेला: ६१३ × ६७७. दोन्ही मूळ, आणखी काही फुटत नाही.

एवढी हमाली झाल्यावर सतराव्या शतकातल्या फर्माची युक्ती आठवली. ४१५००१चं वर्गमूळ ६४४च्या किंचित पुढे, म्हणून ६४५ घ्या. त्याचा वर्ग ४१६०२५. वजाबाकी १०२४, म्हणजे ३२चा वर्ग. ६४५ वजा ३२ म्हणजे ६१३, अधिक ३२ म्हणजे ६७७. पहिल्याच फटक्यात! आंतरजालावरची गुपितं राखणारी आरएसए पद्धत (१९७७) दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. त्या दोघी एकमेकींच्या फार जवळ चालत नाहीत, त्याचं कारण हेच.

जाता जाता कापरेकरांच्या देवळाली कॅम्पचा पिनकोडही तपासला. ४२२४०१, बेरीज १३. भागल्यावर ५ उरतात. हर्षद नाही.