अब्बांच्या वर्दीची गोधडी

अब्बांच्या इंतकालानंतर तिसऱ्या आठवड्यात आम्ही त्यांचे लोखंडी कपाट उघडले. ३१ वर्षे एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी केलेल्या माणसाचे कपाट ते. त्यात असणार तरी काय? चार बरे शर्ट, दोन पायजमे, ईदचा पांढरा कुर्ता, एक लोकरीचा स्वेटर. खालच्या कप्प्यात मात्र जुन्या साडीत बांधलेले एक गाठोडे निघाले. त्यात कॉलर झिजलेल्या तीन खाकी वर्द्या होत्या आणि मधोमध विरलेल्या पाच-सहा लुंग्या.

मरहूम व्यक्तीचे कपडेही तरक्यातच येतात. म्हणून आम्ही तिघा भावंडांनी आधी एकमेकांना विचारले आणि सगळ्यांच्या संमतीने चांगले कपडे गरजूंना दिले. प्रश्न उरला तो गाठोड्याचा. फुफी म्हणाली, "गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, अपशकुन असतो." शेजारच्या आलिमा आपांनी तिला समजावले की दीनमध्ये असे काही नाही. भाईजान म्हणाला, "तेही देऊन टाकू कुणाला तरी." यावर अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जे मला कुणी दिलं तर मी तोंड फिरवीन, ते दुसऱ्याला सदका म्हणून कसं देऊ?"

बोलणे खरे होते. स्वतः घेताना डोळेझाक करावी लागेल अशी वस्तू अल्लाहच्या नावाने देऊ नये, ही कुरआनची शिकवण आपण सगळेच जाणतो. म्हणजे हे कपडे देण्याजोगे नव्हते, वापरण्याजोगे नव्हते आणि फेकायला कुणाचा हात धजत नव्हता. अम्मीने गाठोडे पुन्हा बांधले आणि म्हणाली, "गोधडी करू."

खाकीची कुठे गोधडी होते?

आमच्या सांगली-मिरजेकडे गोधडीला वाकळ म्हणतात. वाकळ म्हटली की डोळ्यांसमोर येतात मऊ सुती साड्या, जुनी धोतरे, परकराचे तुकडे. शंभर वेळा धुऊन मऊ पडलेले कापड हेच गोधडीचे कापड, असे आम्ही लहानपणापासून मानत आलो. खाकी वर्दी म्हणजे जाड, ताठ, रंगाने मातकट. सुई धड आत शिरत नाही. तिच्या शेजारी काय लावायचे हाही प्रश्नच. फुलाफुलांची साडी खाकीशेजारी ठेवली, तर दोन्ही एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या दिसत होत्या.

अम्मी इद्दतीत होती. चार महिने दहा दिवस घरातच. कुणीतरी शंका काढली की इद्दतीत रंगीत कापड हाताळलेले चालते का? आलिमा आपा म्हणाल्या, "बनाव-शृंगार करायचा नाही. शिवणकामाला कुठं मनाई आहे?" तेव्हा वेळ भरपूर होता आणि हातांना काम हवे होते.

मग घरातून कापड गोळा होऊ लागले. खाकीच मुळी विजोड, त्यामुळे बाकीचे जुळते शोधण्यात अर्थ नव्हता. माझ्या मुलीचा चौकडीचा शाळेचा फ्रॉक, भाईजानची फाटकी जीन्स, माझा जुना काळा बुरखा, दिवाणखान्याचा उन्हाने विटलेला पडदा, साखरेची कापडी पिशवी. शेरवानी शिवणाऱ्या शिंप्याकडून किनखाबाच्या कातरणी आल्या. सगळे जमिनीवर पसरले तेव्हा भाभी म्हणाली, "ही गोधडी आहे की मंगळवारचा बाजार?"

हल्याळची कवंदी

शिवायचे कसे, याची वाट एका भेटीतून सापडली. बेळगावच्या खालाकडे हल्याळहून आणलेली एक गोधडी होती. अम्मीला भेटायला येताना तिने ती बरोबर आणली. तिला 'कवंदी' म्हणतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले. कित्येक जण पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून या जंगलांत आले. आज त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत आणि कॅथलिकही. त्यांची बोली कोकणीच्या अंगाची, तिच्यात मराठी आणि कन्नडही मिसळलेली. २००३ साली या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

सिद्दी बायका कवंदी शिवतात ती आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने. खाली एक जुनी साडी अंथरायची आणि कोपऱ्यापासून, काठाकाठाने सुरुवात करायची. कापडाच्या तुकड्याची कड आत दुमडायची, सगळ्या थरांतून धावदोरा घालायचा, पुढचा तुकडा त्याला भिडवायचा आणि असे गोल फिरत मध्याकडे यायचे. तुकडे जोडणे आणि गोधडी भरणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. आधी नक्षी आखून घ्यायची गरज नाही. हातात येईल त्या तुकड्याला जागा सापडते.

चारही कोपऱ्यांवर कापडाच्या दुमडलेल्या घड्यांची छोटी 'फुले' लावतात. ती नसतील तर कवंदी उघडी-बोडकी वाटते, असे त्या बायका मानतात. मुस्लिम सिद्दींच्या कवंदीत कुठे चंद्रकोर दिसते, कॅथलिकांच्या कवंदीत क्रूस. शिवण्याची रीत मात्र एकच.

खालाची कवंदी उलटसुलट करून पाहिल्यावर अम्मीच्या लक्षात आले की तिच्यातही काहीच जुळत नव्हते. चमकत्या साडीच्या काठाशेजारी पट्ट्यापट्ट्यांचे शर्टाचे कापड, त्याच्याशेजारी भडक गुलाबी. तरी सगळे एकत्र नांदत होते, कारण पांढऱ्या दोऱ्याचा टाका सगळ्यांवरून सारख्याच अंतराने गेला होता. जुळवून घेण्याचे काम रंगांवर सोपवलेले नव्हते, ते टाक्याने केले होते.

छत्रीचे हसू

आम्ही पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशी गोधडी धरली. आत अम्मीच्या दोन सुती साड्या घातल्या. दुपारच्या जेवणानंतर जोहरची नमाज झाली की चटई पसरायची आणि असरच्या अजानपर्यंत शिवायचे.

चुका खूप झाल्या. पहिल्याच आठवड्यात खाकीत तीन सुया मोडल्या. जीन्सच्या दुहेरी शिवणीवरून टाका जाईना. किनखाब सुंदर दिसला, पण हाताला बोचू लागला. बुरख्याचे कापड इतके निसरडे की सरळ धरले तरी तिरके व्हायचे.

आणि एक दिवस माझ्या मुलीने अब्बांच्या मोडक्या छत्रीचे कापड काढून आणले. पावसाळ्यात स्टँडवरून घरी येताना वापरायची ती छत्री. अम्मीने हौसेने दोन तुकडे लावले. रात्री तेवढाच भाग अंगावर घेऊन पाहिला, तर कूस बदलली की कुरकुर, पाय हलवला की कुरकुर. जणू कुणी अंधारात पापड मोडतेय. अम्मी म्हणाली, "तुझे अब्बा छत्री विसरून यायचे, म्हणून आता छत्री माझ्यावर राग काढतेय," आणि हसली. त्या घरात दोन महिन्यांनी ऐकलेले ते पहिले हसू होते. आम्ही सगळेच हसलो, आणि मग थोडे रडलोही. दुसऱ्या दिवशी ते तुकडे उसवले.

कोणते कापड कुठे

या चार महिन्यांत जे शिकलो ते वाचक भगिनींसाठी सांगते. आपल्या घरातही असे गाठोडे असेलच.

सगळे कापड आधी धुऊन, वाळवून घ्यावे. सुती कापड आटते; गोधडी शिवल्यावर एखादाच तुकडा आटला तर आजूबाजूला सुरकुत्या पडतात. लाल, गडद निळे कापड वेगळे भिजवून पाहावे. पाण्याला रंग आला तर पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवावे.

खाकी आणि जीन्स यांच्या जाड शिवणी कापून टाकाव्यात, मधला सपाट भागच घ्यावा. त्यांचे तुकडे मोठे ठेवावेत, म्हणजे दुमडलेल्या कडा कमी येतात. दोन जाड तुकडे शेजारी न लावता मध्ये लुंगीसारखे पातळ कापड घ्यावे. गोधडी घडी होते ती अशा पातळ जागांवरच. सुई जरा मोठी घ्यावी, बोटात अंगुस्तान घालावे आणि दोऱ्याला मेण लावावे.

बुरख्याचे किंवा जॉर्जेट दुपट्ट्याचे निसरडे कापड मोठ्या तुकड्यात लावू नये. आम्ही बुरख्याच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या केल्या आणि त्या तुकड्यांच्या मधून फिरवल्या. काळी रेघ आली आणि खाकीचा मातकट रंगही खुलला. असे कापड घाम शोषत नाही, म्हणून गळ्याजवळ आणि अंगाच्या बाजूला सुतीच ठेवावे. किनखाबासारखे बोचरे कापड कोपऱ्यांपुरते. आमच्या चार कोपऱ्यांची फुले त्याचीच झाली.

बनियनसारखे होजिअरीचे कापड ताणते, ते वर न लावता आतल्या थरात घालावे. उरेब कापलेला तुकडाही ओढला जातो. तो लावायचाच असेल तर आधी चारही बाजूंनी कच्चा टाका घालून बसवावा. टाक्यांच्या ओळींत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर नको. नाहीतर धुतल्यावर आतले कापड गोळा होते.

आणि एखादे कापड नाहीच बसले, तर छत्रीसारखे उसवून टाकावे. त्यात काही गेले असे मानू नये.

अलाबामातली एक बाई

शिवताना अम्मी एकदा म्हणाली, "असलं वेडं काम दुसऱ्या कुणी केलं असेल का?" केलेले होते. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर 'गीज बेंड' नावाची वस्ती आहे. तिथली कृष्णवर्णीय कुटुंबे ही कापसाच्या मळ्यावर राबवलेल्या गुलामांची वंशज. मळ्याच्या मालकाचे पेटवे हे आडनाव आजही तिथे अनेकांचे आहे. थंडीत अंगावर घ्यायला त्या बायकांनी शेतात झिजलेल्या पँटी, शर्ट, पिशव्या अशा मिळेल त्या कापडाच्या गोधड्या शिवल्या. १९७२ मध्ये सीअर्स या मोठ्या दुकानाकडून त्या भागातील बायकांच्या संस्थेला कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचे काम मिळाले, तेव्हा उरलेल्या जाड कॉर्डरॉयच्याही गोधड्या झाल्या.

त्याच वस्तीतल्या मिसुरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये, नवरा वारल्यावर, त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावे एवढाच तिचा हेतू होता. गुडघ्यांवर विटलेले निळे कापड तिने तसेच ठेवले. वस्तीतल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची दहा तिकिटे काढली.

मी हे अम्मीला वाचून दाखवले. टपाल तिकिटांचे तिला काही विशेष वाटले नाही. तिने एवढेच विचारले, "तिला पोरं किती होती?" आणि दोरा ओवायला घेतला.

मधली जागा

कवंदीच्या रीतीत मध्य सगळ्यात शेवटी येतो. इद्दत संपायला आठवडा राहिला होता आणि मध्ये वीतभर जागा मोकळी होती. तिथे काय लावायचे यावर घरात बरीच चर्चा झाली. मुलीला किनखाब हवा होता, भाभीला ईदच्या दुपट्ट्याचा तुकडा. अम्मीने वर्दीचा छातीवरचा खिसा काढला. उसवलेला नव्हे, खिशासकट कापलेला. एका कडेला शाईचा निळा डाग होता. पेन गळायचे अब्बांचे. आठ दिवस धुऊनही तो डाग गेला नव्हता. खिशाचे तोंड उघडे ठेवून तिने चारही बाजूंनी टाके घातले. आता त्यात तिची तस्बीह असते.

ही गोधडी दिसायला सुंदर आहे का? पाहुणे आले की एकदा बघतात, पुन्हा बघतात. खाकीशेजारी चौकडी, चौकडीशेजारी पडदा. पण एकेका तुकड्यावर बोट ठेवले की घरातला एकेक माणूस बोलू लागतो. माझी मुलगी तिच्या फ्रॉकचा तुकडा शोधून त्याच जागी डोके ठेवते. अम्मी म्हणते की जुळणाऱ्या कापडाची गोधडी बाजारातही मिळते, न जुळणाऱ्यांची घरीच करावी लागते.

आपले प्रेषित मुहम्मद (स.) स्वतःचे कपडे स्वतः शिवत, पादत्राणे दुरुस्त करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. ठिगळाची लाज आपल्या घरात कधी आणि कशी शिरली, हे आपले आपणच पाहायला हवे.

मागच्या थंडीत फुफी चार दिवस राहायला आली होती. पहिल्या रात्री तिने ब्लँकेट घेतले. दुसऱ्या दिवशी फजरला उठले तर फुफी गोधडीत गुरफटून बसलेली, हातात तस्बीह. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. गावी गेल्यावर पंधरा दिवसांनी तिने कुणाबरोबर तरी एक पिशवी पाठवली. आत फुफांचा जुना पट्ट्यांचा पायजमा, एक फाटकी चादर आणि धान्याचे एक सुती पोते. वर निरोप: "तुझ्या अम्मीला म्हणावं, पोतं दोनदा धुतलंय."