शाळेतली जंताची गोळी आणि जगभरातलं भांडण: सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे नेमकं काय?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेलं ‘म्हणजे... म्हणजे...’ तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय साधा आहे. ‘एका अभ्यासातून सिद्ध झालंय’ अशी बातमी आली, की सरकारने लगेच त्यावर योजना काढावी का? थिअरी सांगत बसलो तर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला स्किप कराल. त्यामुळे आपण एक गोळी घेऊ. जंताची.

तुमच्यातले जे 2015 नंतर शाळेत होते, त्यांना आठवत असेल. 10 फेब्रुवारी किंवा 10 ऑगस्टच्या आसपास वर्गात सगळ्यांना एक चघळायची गोळी मिळायची. नाव अल्बेंडाझोल, निमित्त राष्ट्रीय जंतनाशक दिन. 1 ते 19 वर्षांच्या सगळ्या मुलांना, अंगणवाडीपासून कॉलेजपर्यंत. कोणाच्या पोटात जंत आहेत हे न बघता सरसकट. कारण गोळी अगदी स्वस्त आणि सुरक्षित आहे. प्रत्येकाची शौचाची तपासणी करायची, तर लॅब आणि माणसं यांचा खर्च गोळीच्या कितीतरी पट होईल. हिशेब पटण्यासारखा आहे.

पण अशा कार्यक्रमांच्या बाजूने बोलताना ‘जंत मरतात’ एवढंच सांगितलं जात नाही. मुलांचं वजन वाढेल, रक्त वाढेल, शाळा बुडणार नाही, असंही सांगितलं जातं. ते होतं का?

याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर केनियातून आलं. बुसिया भागातल्या 75 शाळांना टप्प्याटप्प्याने गोळ्या दिल्या गेल्या. एडवर्ड मिगेल आणि मायकल क्रेमर यांनी 2004 मध्ये निकाल छापला: गैरहजेरी साधारण पाव हिश्शाने कमी झाली. शिवाय ज्यांनी गोळी घेतलीच नाही, त्या शेजारच्या मुलांनाही फायदा दिसला, कारण गावात जंत पसरणंच कमी झालं. हेच क्रेमर पुढे 2019 मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल घेऊन गेले. इतक्या कमी पैशात एवढा परिणाम म्हटल्यावर देणगीदार आणि सरकारं दोघंही खूश.

2015 मध्ये लंडनच्या संशोधकांनी तोच डेटा घेऊन सगळी गणितं परत केली. आणि आता माझ्या आवडीचा भाग: कोडमध्ये बग निघाला! आसपासच्या शाळा मोजताना ठरावीक अंतरातल्या सगळ्या शाळा धरायला हव्या होत्या, प्रोग्राम फक्त जवळच्या 12 धरत होता. बग काढल्यावर 3 ते 6 किलोमीटरवरच्या शाळांना होणारा फायदा उडाला. गोळी मिळालेल्या शाळांमधली हजेरी मात्र सुधारलेलीच दिसली. मूळ लेखकांनी डेटा आणि कोड दिला होता म्हणून हे सापडलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आमच्याकडे कोड रिव्ह्यूला द्यायची वेळ आली की लोक अचानक सुट्टीवर जातात.

इंटरनेटवर यावरून जोरदार भांडणं झाली, ‘वर्म वॉर्स’ असं नावही पडलं. पण खरा मुद्दा बगचा नव्हताच. तो अभ्यास शंभर टक्के बरोबर असता, तरी ती एका देशातल्या एका भागाची गोष्ट होती. तिथे जंताचं प्रमाण खूप जास्त होतं. एका सर्व्हरचा लॉग बघून आपण सगळी सिस्टीम ठीक आहे असं म्हणत नाही ना?

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे सगळ्या सर्व्हरचे लॉग काढणं. आधी प्रश्न लिहून ठेवायचा. कोणते अभ्यास घेणार, कोणते नाही, याचे नियम शोध सुरू करण्याआधीच जाहीर करायचे, म्हणजे नंतर सोयीचे निकाल निवडता येत नाहीत. मग सगळे डेटाबेस पालथे घालायचे. प्रत्येक पेपर दोन जणांनी वेगवेगळा तपासायचा. अभ्यास कच्चा असेल तर तसं लिहायचं. आणि शेवटी जमत असेल तर आकडे एकत्र करायचे. आरोग्याच्या क्षेत्रात कॉक्रेन ही संस्था 1993 पासून हे काम करते. शिक्षण, गुन्हेगारी असल्या विषयांसाठी कॅम्पबेल आहे.

यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे न छापलेले निकाल. आणि इथे आपला भारत येतो. उत्तर प्रदेशात अंगणवाड्यांमार्फत सुमारे 10 लाख लहान मुलांवर एक प्रचंड चाचणी झाली, नाव ‘देवता’. काही भागांत दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल दिलं, काही भागांत नाही. काम 2004 च्या सुमारास संपलं. मृत्यूत किंवा वजनात ठळक फरक दिसला नाही. हा निकाल छापून यायला 2013 उजाडलं! मधल्या काळात जो कोणी छापील पेपर वाचून मत बनवत होता, त्याच्यासमोर सगळ्यात मोठी चाचणी नव्हतीच. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात चिंतेची बाब हीच आहे.

कॉक्रेनचा 2019 चा रिव्ह्यू 51 चाचण्यांचा आहे. त्याचा निष्कर्ष असा, की सरसकट गोळ्या दिल्याने सरासरी वजन, हिमोग्लोबिन, अभ्यास यांत फरक पडत नाही किंवा अगदी थोडा पडतो.

मग संपलं? नाही. 2016 मध्ये मिगेल, क्रेमर आणि सहकाऱ्यांनी स्वतःचं एकत्रीकरण मांडलं. कॉक्रेनने काही अभ्यास वगळले, छोटा फरक पकडण्याइतकी ताकद त्यांच्या पद्धतीत नव्हती, असा त्यांचा आक्षेप. त्यांच्या हिशेबात वजनात थोडी पण खरी वाढ दिसली, आणि गोळी इतकी स्वस्त आहे की तेवढीही परवडते. दोन्ही बाजूंकडे जवळपास तेच पेपर, तरी उत्तर वेगळं! कारण काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे माणसंच ठरवतात. फरक इतकाच की रिव्ह्यूमध्ये ते ठरवणं लिहून ठेवलेलं असतं, त्यामुळे नेमकं कुठे पटत नाही ते बोट ठेवून सांगता येतं.

शिवाय सरासरीचा घोळ आहेच. वर्गात 40 मुलं आणि जंत 4 जणांना असतील, तर त्या चौघांचा फायदा चाळिसांत वाटला जातो आणि आकडा शून्याजवळ दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2017 ची शिफारस म्हणूनच प्रमाण बघते: ज्या भागात 20 टक्के किंवा जास्त मुलांना जंत आहेत, तिथे वर्षातून एकदा गोळी द्या. 50 टक्क्यांच्या वर असेल तर दोनदा. म्हणजे सरकारला विचारायचा प्रश्न असा: आमच्या जिल्ह्यात शेवटचा सर्व्हे कधी झाला, आणि प्रमाण किती निघालं? प्रमाण खाली आलं असेल तर तोच वेळ आणि पैसा शौचालय, पाणी, पोषण आहार यांकडे वळवता येतो. मोबाइलवरून माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायला फार वेळ लागत नाही, बघा जमलं तर.

आणि हो, कोणीतरी नक्की विचारणार: मग घरातल्या धाकट्याला 10 ऑगस्टला गोळी द्यायची का? द्या. भांडण योजनेचं आहे. ज्याच्या पोटात जंत आहेत त्याला गोळीचा उपयोग होतो, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत आहे. त्या दिवशी तो आजारी असेल किंवा दुसरं काही औषध चालू असेल, तर आधी शिक्षकांना किंवा आशा ताईंना सांगा.