जबलपूरचे सेठजी

झेंडा सत्याग्रह म्हटला की आपल्याला नागपूर आठवते. पण त्याची सुरुवात झाली जबलपूरच्या टाऊन हॉलवर, १९२३ च्या मार्चमध्ये. त्याच वर्षी स्वराज्य पक्षाच्या वाऱ्यावर सत्तावीस वर्षांचे सेठ गोविंददास दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले. १८ जून १९७४ रोजी ते वारले तेव्हाही जबलपूरचे खासदारच होते. मधे तुरुंगवास आणि बहिष्कार यांमुळे खंड पडले, तरी पहिल्या निवडीपासून अखेरपर्यंतचा हिशेब अर्धशतकाचा भरतो. ब्रिटिशांचे कायदेमंडळ, राज्य परिषद, संविधान सभा, मग १९५२ ते १९७१ अशा पाच लोकसभा. या सगळ्या काळात त्यांनी मंत्रिपद एकदाही भूषवले नाही.

घर गडगंज. आजोबा राजा गोकुळदास म्हणजे त्या मुलखातले बडे सावकार आणि जमीनदार. मूळ राजस्थानातले हे माहेश्वरी घराणे जबलपुरात रुजले, वाढले आणि इंग्रजांकडून किताब मिळवून बसले. अशा घरातला मुलगा असहकारात उतरून तुरुंगात गेला, याचे जबलपूरला किती अप्रूप वाटले असेल! त्या पुण्याईवर त्यांनी पुढच्या निवडणुका जिंकल्या असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण ती पुण्याई नव्हतीच, असेही म्हणता येणार नाही.

जुन्या मध्यप्रांतात नागपूर-वऱ्हाडची मराठी काँग्रेस वेगळी आणि हिंदी महाकोशलची वेगळी. महाकोशलची सूत्रे दीर्घकाळ सेठजींकडे होती. १९३९ चे काँग्रेसचे त्रिपुरी अधिवेशन त्यांच्याच अंगणात झाले आणि स्वागताध्यक्षही तेच होते. अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले, म्हणून बावन्न हत्तींच्या मिरवणुकीत त्यांची तसबीर फिरवली गेली. कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी, या गोविंद वल्लभ पंतांच्या ठरावाने सुभाषबाबूंची कोंडी झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. स्वागताच्या भाषणात सेठजींनी गांधीजींच्या काँग्रेसमधील स्थानाची तुलना मुसोलिनी, हिटलर आणि स्टालिन यांच्या आपापल्या पक्षांतील स्थानाशी केली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ही तुलना त्यांनी गौरव म्हणून केली होती. सेठजींची निष्ठा अशी बेहिशेबी असे.

आणि तरीही याच माणसाने पक्षाला दोनदा अडचणीत आणले. गोवधबंदीचे त्यांचे खासगी विधेयक १९५५ च्या एप्रिलमध्ये मताला आले. नेहरूंनी सभागृहाला ते फेटाळायला सांगितले आणि पंतप्रधानपद पणाला लावायची तयारी बोलून दाखवली. विधेयक मोठ्या फरकाने पडले. सेठजी काँग्रेसमध्येच राहिले, काँग्रेसनेही त्यांना पुन्हा तिकीट दिले. पुढे १९६३ मध्ये इंग्रजीला मुदतवाढ देणारे राजभाषा विधेयक आले, तेव्हा त्यांनी सरळ विरोधात मत टाकले. हिंदीबद्दलचा त्यांचा हट्ट मराठी किंवा तमिळ माणसाला खटकणारच, मलाही खटकतो. पण मंत्रिपदाची आस असलेला माणूस हे दोन्ही उद्योग करत नाही. सभागृहात उभे राहून आपले म्हणणे नोंदवायचे, हेच त्यांचे राजकारण होते. उरलेला वेळ लेखनाला. नाटकेच शंभराच्या घरात.

नव्या लोकसभेचा पहिला दिवस आला की हंगामी अध्यक्षाच्या खुर्चीत सेठजी. १९५७, १९६२, १९६७ आणि १९७१ अशा चार लोकसभांच्या सदस्यांनी त्यांच्यासमोर शपथ घेतली.

जबलपूरला यातून काय मिळाले? राज्य पुनर्रचना आयोगाने नव्या मध्य प्रदेशची राजधानी म्हणून जबलपूरचे नाव सुचवले होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी झाले भोपाळ. नागपूरनेही त्याच दिवशी राजधानीपण गमावले आणि नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरच्या वाट्याला आले. दोन शहरांची दुखणी अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. पाच लोकसभा गाजवलेला खासदार आपल्या गावाला राजधानी मिळवून देऊ शकला नाही, ही बोच जबलपूरला लागायचीच. सत्तेच्या बाहेर राहून दीर्घकाळ टिकण्याची किंमत बहुधा हीच असते.

त्यांच्या मागे झालेल्या पोटनिवडणुकीत विरोधकांनी मिळून तुरुंगातल्या एका विद्यार्थी नेत्याला उभे केले: शरद यादव. वय पुन्हा सत्तावीस. काँग्रेसची हक्काची जागा गेली. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा १९७६ मध्ये आपले पुण्याचे मधू लिमये आणि शरद यादव या दोघांनी तुरुंगातूनच राजीनामे दिले. जनतेने पाच वर्षांसाठी पाठवले, सहावे वर्ष आमचे नाही, हा त्यांचा मुद्दा. एका खुर्चीवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या जागी आलेल्याने ती अशी सोडावी!

नंतर भाजपचे बाबूराव परांजपे इथून १९८२, १९८९, १९९६ आणि १९९८ असे चार वेळा निवडून आले. मधल्या दोन निवडणुका काँग्रेसने जिंकल्या. २००४ पासून सलग चार वेळा जिंकले ते राकेश सिंह. २०२३ मध्ये लोकसभा सोडून ते विधानसभेवर निवडून आले आणि भोपाळला सार्वजनिक बांधकाम मंत्री झाले.