आडव्या बाटलीच्या गावातलं भरलेलं हॉटेल

साताऱ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला निघालं की वाटेत वेण्णेकाठी मेढा गाव लागतं. जावळी तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. कचेरीत कामाला आलेली माणसं, एसटीची वाट बघणारे, घाट चढायच्या आधी पोट भरून घेणारे पर्यटक, सगळे दुपारी एकाच वेळी हॉटेलात शिरतात. ताटावर बसताना प्रत्येकजण मनाशी काही ना काही धरून असतो. त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

गैरसमज : दारूशिवाय गावात हॉटेल चालत नाही.

वस्तुस्थिती : जावळी तालुका ओळखला जातो तोच मुळी आडव्या बाटलीसाठी. इथल्या बायकांनी मतदानातून परवान्याची दारू दुकानं बंद पाडली. मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. 2008च्या सरकारी आदेशानुसार निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात, आणि ही निम्मी आलेल्यांतून नव्हे तर यादीतल्या एकूण मतदारांतून मोजतात. म्हणजे घरी बसलेलीचं मत आपोआप उभ्या बाटलीला जातं. तरीही बाटली आडवी झाली, आणि भाकरी-रश्श्याची गिऱ्हाइकं काही कमी झाली नाहीत.

गैरसमज : गर्दी आहे म्हणजे जेवण ताजंच असणार.

वस्तुस्थिती : अर्धं खरं. खप असला की भाजी पडून राहत नाही. पण हात धुवायला सवड नसते तीही गर्दीच्याच वेळी. पैसे घेणारा हात तसाच भाकरी वाढतो. ताटं एकाच बादलीत बुचकळून निघतात. पाण्याच्या पेल्यात पोऱ्याची चार बोटं बुडतात. हॉटेलाची खरी परीक्षा सकाळी दहाला होत नाही, दुपारी दीडला होते.

गैरसमज : शाकाहारी थाळीला धोका नाही, आणि पुन्हा उकळलं की सगळं शुद्ध.

वस्तुस्थिती : मटणाकडे आपण संशयाने बघतो आणि भाताचा डोंगर निर्धास्त संपवतो. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. तोच भात मोठ्या टोपात कोमट होऊन तासन् तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. उलट्या करवणारं हे विष नंतर उकळूनही जात नाही. म्हणून नियम साधा आहे : गरम पदार्थ 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचा, थंड पदार्थ 5च्या खाली. यांच्या मधलं कोमटपण जंतूंना मानवतं. एकदाच मोठा टोप चढवण्यापेक्षा दोनदा छोटा चढवणारा आचारी शहाणा.

गैरसमज : लालभडक तर्री म्हणजे जुनं तेल.

वस्तुस्थिती : मिरचीचा रंग तेलात विरघळतो आणि तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून ताज्या तेलाचीही तर्री लालच येते. संशय घ्यायचा तर भज्यांच्या कढईचा घ्यावा. पुन्हा पुन्हा तापलेलं तेल काळपट आणि दाट होतं, त्याला फेस येतो, लवकर धूर सुटतो. तळून तळून तेलात जे ध्रुवीय घटक साठतात, त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायला 2018पासून बंदी आहे.

गैरसमज : टेबल पुसलं म्हणजे स्वच्छ झालं.

वस्तुस्थिती : फडकं कुठलं, हे आधी बघा. सकाळपासून तेच ओलं फडकं बारा टेबलांवरून फिरलं असेल, तर पहिल्या टेबलावरचं खरकटं बाराव्यापर्यंत पोचलेलं असतं. फडकी वरचेवर बदलणं, धुऊन उन्हात वाळवणं, याला पैसे फारसे लागत नाहीत. सवय लागते.

गैरसमज : नियम शहरातल्या मोठ्या हॉटेलांना. गावात कोण विचारतंय!

वस्तुस्थिती : 2006चा अन्नसुरक्षा कायदा 5 ऑगस्ट 2011पासून लागू आहे, आणि तो वडापावच्या गाड्यालाही चुकलेला नाही. उलाढाल लहान असेल तर नोंदणी, मोठी असेल तर परवाना. त्याचा 14 आकडी क्रमांक गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा असतो. तक्रार असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा 1800-222-365 हा क्रमांक आहे.

गैरसमज : स्वयंपाकघर बघायला मिळत नाही, मग आपल्याला काय कळणार?

वस्तुस्थिती : हात धुवायची मोरी तर दिसते! ऑर्डर देण्याआधी तिथे जाऊन यावं. नळाला पाणी आहे का, साबण आहे का, खालची बादली भरून वाहतेय का? गिऱ्हाइकाच्या नजरेसमोरची मोरी ज्याला राखता येत नाही, त्याने आतली राखली असेल हे मानणं अवघड. साबण नसेल तर गल्ल्यावर मागावा, मोठ्याने मागावा. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायका ज्या तालुक्यात मतदानाला बाहेर पडल्या, तिथे साबणाची एक वडी मागायला संकोच कशाला?