मुक्या सोबत्याचा शोक

माणूस गेला म्हणजे पुढे काय करावयाचे, हे समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवले आहे. शेजारी धावून येतात, सुतक पाळले जाते, दहावा-तेरावा होतो. शोकाला अशा रीतीने दिवस आणि माणसे नेमून दिलेली असतात. घरातला कुत्रा मरतो तेव्हा मात्र यातले काहीच घडत नाही. दहा-बारा वर्षे दाराशी वाट पाहणारा सोबती पहाटे गेला, तरी दहाच्या ठोक्याला कचेरीत हजर व्हावे लागते. आणि डोळे लाल का, असे कोणी विचारलेच तर खरे कारण सांगण्याचा संकोच वाटतो. “कुत्राच ना? दुसरा आणा!” हे उत्तर आधीच ठाऊक असते.

हे दुःख म्हणजे अलीकडच्या शहरी माणसाचा हळवेपणा आहे, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी बंगळूरच्या कस्तुरबा रस्त्यावरील सरकारी वस्तुसंग्रहालयात अवश्य जावे. तेथे आतकूरची शिळा ठेवलेली आहे. मंड्या जिल्ह्यातील आतकूर गावची ही शिळा सुमारे इ. स. ९५० मधील आहे. वेरूळच्या लेण्यांमुळे मराठी माणसाच्या परिचयाचे झालेले जे राष्ट्रकूट घराणे, त्यातील तिसरा कृष्ण त्या वेळी राज्य करीत होता. तक्कोलमच्या रणांगणावर त्याचा मांडलिक गंग राजा दुसरा बूतुग याने चोळ राजपुत्र राजादित्य यास ठार केले. त्या युद्धात मणलेर नावाच्या वीराने मोठा पराक्रम गाजविला. प्रसन्न झालेल्या धन्याने “हवे ते माग” म्हटले, तेव्हा मणलेराने काळी नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले!

पुढे एका रानडुकराशी झुंजताना काळीने त्यास मारले आणि स्वतःही प्राण सोडला. तिच्या स्मरणार्थ आतकूरच्या देवळापुढे शिळा उभारण्यात आली, तिच्यासाठी जमीन तोडून दिली गेली, आणि त्या जमिनीची व्यवस्था पाहणाऱ्या पुजाऱ्याने शिळेची पूजा केल्यावाचून अन्न घेतल्यास त्याला पाप लागेल, असे जुन्या कानडीत कोरून ठेवले गेले. शिळेच्या माथ्यावर कुत्रे आणि डुक्कर यांची झुंज आजही पाहावयास मिळते.

या वीराने आपल्या दुःखासाठी काय केले, ते नीट पाहण्याजोगे आहे. त्याने मृत सोबत्याचे नाव पुसू दिले नाही. त्याच्या आठवणीला एक जागा दिली. आणि त्या जागेशी एक नेमाचे कृत्य जोडून दिले. नाव, जागा आणि नेम या तीन गोष्टी माणसांच्या अंत्यविधीतही असतात. कुत्र्याच्या शोकात नेमक्या त्याच नसतात, आणि म्हणून तो शोक आतल्या आत कोंडून राहतो. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा शोकाचा सविस्तर विचार मांडला. समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, ते सोसणे अधिक कठीण जाते, असे त्याच्या म्हणण्याचे सार आहे.

वस्तुतः ही मान्यता आपल्या परंपरेला परकी नाही. काश्मीरमधील बुर्झहोम येथे नवाश्मयुगीन माणसांच्या शेजारी पुरलेले कुत्रे सापडले आहेत. कुत्र्याला सोडून स्वर्गात येण्याचे नाकारणारा युधिष्ठिर महाभारतात आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीस थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवितात.

कुत्र्याच्या जाण्याने घराचा दिनक्रमच मोडतो, ही गोष्टही ध्यानात घ्यावयास हवी. सकाळचा फेरफटका, जेवणाची वेळ, कुलूप उघडताच होणारी धावपळ, हे सारे एका दिवसात थांबते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत तर दिवसभरात ज्याच्याशी बोलावे असा तो एकच जीव असू शकतो. त्यात असाध्य दुखण्यामुळे पशुवैद्याकरवी दयामरण द्यावे लागले असेल, तर “आपणच त्याला मारले” ही टोचणी लागते. वेदना थांबविण्यासाठी घेतलेला तो निर्णय सोबत्याच्या मायेपोटीच घेतलेला असतो, हे अशा माणसाला इतरांनी पुनःपुन्हा सांगावे.

मुलांपासून मृत्यू लपवू नये. “तो झोपला आहे” असे सांगितले, तर मूल झोपेलाच भिऊ लागते. “कुठेतरी निघून गेला” म्हटले, तर ते त्याची वाट पाहत राहते. तो मेला, आता परत येणार नाही, आणि यात तुझा काही दोष नाही, एवढे सोप्या शब्दांत सांगावे व त्याला निरोप देऊ द्यावा. बंगळूरसारख्या शहरात अंगणे उरली नाहीत. तरी केंगेरीच्या बाजूला पाळीव प्राण्यांसाठी दफनभूमी आहे. तेही न जमल्यास एखादे रोप लावावे, गळपट्टा जपून ठेवावा, फेरफटक्याची वेळ मोडू नये. दुसरे पिल्लू आणण्याची घाई मात्र करू नये. ते गेलेल्याच्या जागी म्हणून न येता, स्वतःचे नाव घेऊन आले, तरच त्याला न्याय मिळतो.

दुःख बहुधा हळूहळू निवते. परंतु कित्येक आठवडे झोप व अन्न तुटले, कशातच मन लागेना, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वैद्यकीय साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या राष्ट्रीय सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

इतरांचे कर्तव्य याहून सोपे आहे. ज्याच्या घरचा कुत्रा गेला, त्याला दुसरा आणण्याचा सल्ला देऊ नये; गेलेल्याचे नाव विचारावे, आणि तो सांगेल ते ऐकून घ्यावे. काळीचे नाव एक हजार वर्षांहून अधिक काळ टिकले आहे, ते कोणीतरी ते सांगावेसे मानले म्हणूनच.